बाराच्या आत गाणगापूर

आमच्या घरात दोन पुस्तकांनी दोन दूरच्या गावांची ओढ लावून ठेवली होती. १९६० साली पु. ल. देशपांडे यांची 'अपूर्वाई' प्रसिद्ध झाली, तेव्हापासून वडिलांच्या मनात लंडन शिरले ते अखेरपर्यंत निघाले नाही. आणि आजीच्या मनात त्याच्या कितीतरी आधीपासून, तांबड्या फडक्यात बांधून देवघराच्या फळीवर ठेवलेल्या गुरुचरित्राच्या पोथीने गाणगापूर वसवले होते. वडिलांचे लंडन पुढे त्यांच्या नातवाने पाहिले, थेम्सच्या पुलावर उभे राहून काढलेले छायाचित्रही धाडले, आणि ते हातात धरून वडील, "पाणी आपल्या नदीसारखंच गढूळ आहे की," एवढेच म्हणून समाधानाने स्वस्थ बसले. आजीचे गाणगापूर मात्र राहून गेले.

वस्तुतः पुण्याहून रात्री आगगाडीत बसावे, तर सकाळी गाणगापूर रोड स्थानकावर उतरता येते. परंतु लंडनला न जाण्यास पासपोर्ट, पैसा, रजा अशी भारदस्त कारणे असतात. गाणगापूरला न जाण्यास तसे सबळ कारणच नसल्यामुळे ते पुढल्या मार्गशीर्षावर ढकलणे फार सोपे जाते. एकदा साठवलेली रक्कम १९७२ च्या दुष्काळात कडब्याला गेली, एकदा आत्याच्या लग्नात गेली, आणि एकदा सगळे जमून आले असताना निघण्याच्या आदल्या रात्री गोठ्यातली म्हैस व्यायली. गाणगापूरला निघालेल्या माणसाला म्हशीनेच अडवावे यातली गंमत पोथी ठाऊक असलेल्याच्याच लक्षात येईल. ती पुढे सांगतो. आजीने ती पोथी स्वतः कधी वाचली नाही. बायकांनी गुरुचरित्र वाचू नये असा दंडक त्या काळी बहुतेक घरांतून पाळला जाई, आणि तो मला तेव्हाही पटत नव्हता, आजही पटत नाही. पण सात दिवसांच्या पारायणात पहिल्या दिवशी नववा अध्याय, दुसऱ्या दिवशी एकविसावा, तिसऱ्या दिवशी एकोणतिसावा अशा मुक्कामाच्या जागा तिला वाचणाऱ्या आजोबांपेक्षा नेमक्या ठाऊक असत. माजघराच्या उंबऱ्याशी बसून तिच्याबरोबर ऐकणारी तिची सून, म्हणजे माझी आई, परवा एकोणऐंशी वर्षांची झाली आणि कोणी काही विचारले नसताना म्हणाली, "आता मला गाणगापूरला न्या. तुमच्या सोयीची वाट पाहायला मला सवड नाही."

ज्यांच्या घरी ही पोथी नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे अवश्य आहे. दत्तसंप्रदायात श्रीपाद श्रीवल्लभांच्या नंतरचा दत्तावतार मानले जाणारे श्रीनृसिंहसरस्वती हे वऱ्हाडातील कारंज्याचे, चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातले. काशीस संन्यास घेऊन, तीर्थाटन करीत ते कृष्णाकाठी औदुंबरास एक चातुर्मास राहिले, तेथून नरसोबाच्या वाडीस बारा वर्षे, आणि त्यानंतर भीमा व अमरजा या नद्यांच्या संगमावर गाणगापुरास आले ते तेवीस-चोवीस वर्षे, म्हणजे पंधराव्या शतकाच्या मध्यापर्यंत, तेथेच होते. शेवटी माघ वद्य प्रतिपदेस ते श्रीशैलाच्या वाटेने निघून गेले, आणि तो दिवस गुरुप्रतिपदा म्हणून गावात आजही मोठ्या यात्रेचा असतो. त्यांचे चरित्र ओवीबद्ध करणारा सरस्वती गंगाधर हा त्यांचे शिष्य सायंदेव यांच्या वंशातला. सायंदेवांचे गाव कडगंची, कलबुर्गीहून आळंदला जाणाऱ्या वाटेवरचे. २००९ साली स्थापन झालेले कर्नाटकचे केंद्रीय विद्यापीठ आज त्याच कडगंचीच्या शिवारात उभे आहे. मराठी ही आपली भाषा नव्हे, असे हा कवी ग्रंथारंभी निःसंकोच कबूल करतो, आणि त्या कानडी माणसाने लिहिलेल्या पन्नासांवर अध्यायांचे पारायण महाराष्ट्रातल्या घराघरांतून शतकानुशतके चालू आहे, ही गोष्ट सरहद्दीच्या वादावर कंठशोष करणाऱ्या उभय पक्षांनी सवडीने विचारात घेण्याजोगी आहे. या पोथीचा आरंभही मोठा मनोज्ञ आहे. प्रपंचाने गांजलेला नामधारक नावाचा एक गृहस्थ गाणगापूरला जायला निघतो, चालून चालून थकतो, वाटेत त्याला झोप लागते आणि स्वप्नात त्याला गुरू दिसतात; पुढे जागेपणी त्याला सिद्धमुनी भेटतात आणि ते गाणगापूरच्या गोष्टी सांगू लागतात. तेव्हा त्या गावाचे स्वप्न पाहणारा पहिला मनुष्य पोथीतच सापडतो. आमची आजी त्याच रांगेतली.

आम्ही चौघे निघालो पौषात. दत्तजयंतीची गर्दी ओसरलेली असावी आणि माघातली सुरू झालेली नसावी, हा माझा हिशेब होता. आई, पत्नी, मी, आणि लंडन पाहून आलेला तोच नातू, म्हणजे आमचे चिरंजीव, जे महिन्याच्या रजेवर आले होते आणि ज्यांनी प्रवासाची सर्व व्यवस्था भ्रमणध्वनीवरून तीन मिनिटांत केल्याचा सात्त्विक अभिमान बाळगून होते. सोलापूर मागे पडले, होटगी, अक्कलकोट रोड गेले, आणि दुधनीनंतर स्थानकांच्या पाट्यांवर कानडी अक्षरे पुढे सरकली. जमीन मात्र बदलत नाही. तीच काळी, तीच भेगाळलेली, शाळूची कणसे धरलेली, आणि मधूनमधून खळ्यावर पडलेली तूर, कारण कलबुर्गीची तूर हे या मुलखाचे नगदी पीक. हा सारा प्रदेश १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. आजोबांच्या पिढीतल्या यात्रेकरूला इकडे येताना कलदार रुपयाबरोबर हाली सिक्क्याचाही हिशेब ठेवावा लागे, आणि स्थानकापासून देवस्थानापर्यंतचे वीसेक किलोमीटर बैलगाडीने उरकावे लागत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत गुलबर्गा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, पुढे त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले, २०१४ साली गुलबर्ग्याचे कलबुर्गी झाले. दफ्तरातली नावे बदलत गेली तरी देवल गाणगापूरच्या वाटेवरची मराठी माणसांची वर्दळ मात्र तशीच राहिली. स्थानकाबाहेर जीपवाल्याने आईकडे पाहून, "अज्जी, मुंद बर्री," असे म्हणून तिला पुढची जागा दिली. आई बसली आणि मागे वळून मला म्हणाली, "आजीला अज्जीच म्हणतात, मग परका मुलूख कसला रे हा?"

चिरंजिवांच्या तीन मिनिटांच्या व्यवस्थेतली खोली, आम्ही पोहोचलो तेव्हा, दुसऱ्याच एका कुटुंबास दिली गेली होती. निवासाच्या व्यवस्थापकांनी वही उघडली, मिटली, पुन्हा उघडली, आणि तीत आमचे नाव नाही याबद्दल आम्हांलाच दोषी धरून मिटली. अखेर एका पुजाऱ्यांच्या घरी ओसरी मिळाली. गाणगापूरच्या यात्रेकरूची मूळ वहिवाट तीच आहे. भक्तनिवास आणि लॉज ही अलीकडची सोय. घरात कानडी, आमच्याशी मराठी, दारात आलेल्या तेलंगणच्या मंडळींशी तेलुगू, असा त्या गृहस्थांचा व्यवहार एका श्वासात चालला होता, आणि लंडनमध्ये राहून इंग्रजीच्या जोरावर चार मुलूख फिरलेला आमचा मुलगा ते ऐकून किंचित नरमला होता, असे मला वाटले.

पोथी ऐकून ऐकून मनात एक नकाशा तयार होतो, आणि तो जमिनीवरच्या नकाशाशी जुळत नाही, हा अनुभव प्रथम संगमावर आला. आईच्या नकाशात संगम आणि मठ शेजारीशेजारी होते. प्रत्यक्षात संगम गावापासून सुमारे तीन किलोमीटरवर. रिक्षात बसल्यावर रस्ता संपेना, तेव्हा ती म्हणाली, "स्वामी रोज एवढं चालून भिक्षेला यायचे?" आणि मला एकाएकी जाणवले की, आयुष्यभर ऐकलेल्या त्या कथेतले हे अंतर मी कधी मोजलेच नव्हते. प्रारंभी स्वामींचा निवास संगमावरच असे. गावात ते माध्यान्हकाळी भिक्षेपुरते येत. पौषातही बाराच्या सुमारास तिथले ऊन कपाळावर चढते. मग वैशाखात त्या काळ्या रानातून, अनवाणी, जाऊन येऊन सहा किलोमीटर म्हणजे काय ते वाचकांनी आपापल्या पायांना विचारावे.

संगमावर नदीचे पात्र रुंद आहे आणि पाणी संथ. किती पाणी असेल हे आता पावसापेक्षा वरच्या उजनी धरणातून किती सोडतात आणि अफझलपूर तालुक्यातला सोन्नचा बंधारा किती अडवतो यावर अधिक ठरते. २०२० च्या ऑक्टोबरात हीच भीमा इतकी फुगली होती की, जिल्ह्यातल्या नदीकाठच्या गावांतून पाणी शिरले होते. काठावर औदुंबर आहे, त्याभोवती प्रदक्षिणा घालणारे आहेत, आणि सावलीत चौरंगावर पोथी ठेवून सप्ताहाला बसलेले आहेत. त्यांतला एक साठीचा गृहस्थ ओळीवर बोट ठेवून वाचत होता, आणि त्याची पत्नी जवळ बसून त्याचे पान उलटायच्या आधीच पुढची ओवी पुटपुटत होती. आमची आई तेथे बराच वेळ थांबली. जवळच भस्माचा डोंगर म्हणून उंचवटा आहे, तिथली राखाडी माती लोक कागदाच्या पुडीत बांधून घरी नेतात. पिढ्यानपिढ्या एवढ्या पुड्या गेल्यावर डोंगर हे नाव आता थोडे मोठे वाटते. अष्टतीर्थे आहेत: षट्कूळ, नृसिंह, भागीरथी, पापविनाशी, कोटी, रुद्रपाद, चक्र, मन्मथ. चिरंजिवांनी ती आठही एका सकाळी उरकण्याचा बेत आखला होता, कारण युरोपात तीन दिवसांत दोन राजधान्या पाहण्याची त्यांना सवय. आईने दोन तीर्थे केली, आणि उरलेल्या सहांना रिक्षातूनच हात जोडले.

याच वाटेवर तिने तिच्या नातवाला म्हशीची कथा सांगितली, आणि शेजारी उभा असलेला रिक्षावालाही ऐकत राहिला. गावात एक दरिद्री ब्राह्मण होता. त्याची म्हैस वांझ, म्हातारी, दात पडलेली. ती लोक माती वाहायला भाड्याने नेत आणि त्या भाड्यावर त्याचे कसेबसे चाले. एरवी स्वामी भिक्षेला येत तेव्हा मोठमोठ्या घरांतून पाने मांडली जात, पण ते या दाराशी जात. एके दिवशी यजमान बाहेर गेलेला, म्हैस नेमकी त्या दिवशी भाड्याने गेलेली नव्हती म्हणून दारात बांधलेली, आणि घरात वाढण्यास काही नाही. स्वामींनी त्या बाईला म्हटले, की म्हैस आहे ना, दूध दे. ती म्हणाली, वांझ आहे, आम्ही तिला रेड्यासारखी राबवतो. तरी काढून पाहा म्हणाले, आणि तिने भांडे घेऊन कासेला हात लावला तो दुधाने भांडी भरली. ही वार्ता पसरली, गावच्या अधिपतीपर्यंत गेली, आणि त्याने विनवून स्वामींना संगमावरून गावातल्या मठात आणले. कथेवर कोणी विश्वास ठेवावा, न ठेवावा. मला तिच्यातले दुसरेच खरे वाटते: गाणगापूरचा सारा डोलारा एका रिकाम्या घराच्या दारात मागितलेल्या भिक्षेवर उभा आहे.

इतिहासाच्या अभ्यासकाला पोथीतली आणखी एक कथा अधिक मोलाची वाटेल. वैदुरानगरीचा, म्हणजे बिदरचा, यवन राजा मांडीवरच्या असाध्य फोडाने बेजार होऊन गाणगापुरास आला, स्वामींच्या दर्शनाने त्याला आपण पूर्वजन्मी स्वामींचा सेवक असलेला परीट होतो हे आठवले, आणि तो त्यांना सन्मानाने बिदरला घेऊन गेला, असे ती कथा सांगते. येथे एक बारकावा आहे. बहमनी राज्य १३४७ साली स्थापन झाले तेव्हा राजधानी होती गुलबर्गा, जे गाणगापूरपासून हाकेच्या अंतरावर. ती बिदरला हलली पंधराव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात. स्वामी गाणगापुरास आले त्यानंतर. म्हणजे पोथीतला सुलतान जवळच्या गुलबर्ग्याहून न येता लांबच्या बिदरहून येतो, तो इतिहासाला धरूनच येतो, आणि काही अभ्यासक त्याला १४३६ ते १४५८ या काळात गादीवर असलेला दुसरा अलाउद्दीन अहमदशाह मानतात. चमत्काराच्या दाट झाडीत कालानुक्रमाचा असा एखादा खांब उभा दिसला, की कवीच्या कानावर आलेली परंपरा किती जुनी असेल याचा अदमास येतो. परतताना आम्ही गुलबर्ग्याच्या किल्ल्यातली १३६७ ची जामी मशीद पाहिली. मशिदीला असते तसे उघडे अंगण हिला नाही. सगळी वास्तू छताखाली, कमानींमागे कमानी, आणि म्हणून तिची तुलना स्पेनमधल्या कोर्दोबाच्या मशिदीशी करण्याचा प्रघात आहे. चिरंजीव कोर्दोबा पाहून आले होते. त्यांनी बराच वेळ कमानी न्याहाळल्या, आणि घरापासून एका रात्रीच्या अंतरावर हे असताना आपण आधी तिकडे कसे गेलो, असे स्वतःलाच विचारले. त्याला आमच्याजवळ उत्तर नव्हते.

मठाविषयी दोन शब्द. निर्गुण पादुकांचे दर्शन चांदीने मढवलेल्या एका लहान झरोक्यातून घ्यावे लागते; उंच माणसाला वाकावे लागते आणि ठेंगण्याला टाचा उंचवाव्या लागतात. वाडीच्या मनोहर पादुका, औदुंबरच्या विमल पादुका आणि येथल्या निर्गुण पादुका असे तिहींचे वेगळे नामाभिधान आहे. येथल्यांना पाण्याचा अभिषेक होत नाही, सुगंधी लेप तेवढा लावतात. आरतीच्या वेळी, बाधा झाली म्हणून आणलेली माणसे ओरडू लागतात, मठाच्या खांबांना धरून वर चढू पाहतात, आणि नवख्या माणसाच्या काळजाचे पाणी होते. मी त्या बाईकडे पाहत होतो जी, खांबाला मिठी मारलेल्या आपल्या तरुण मुलीचा पदर दर वेळी सावरीत, दर वेळी तिच्या ओठांना पाण्याचा पेला लावीत, न कंटाळता उभी होती. तिच्या श्रद्धेला मी बोट लावणार नाही. मात्र अशा लेकराला येथे आणण्याआधी, किंवा आणल्यानंतर तरी, मनोविकारांच्या वैद्याला दाखवावे, एवढे सांगितल्यावाचून माझ्याने राहवत नाही.

आता मधुकरी. गाणगापूरला रोज दुपारी दत्तप्रभू कोणत्या तरी रूपाने भिक्षेस येतात, अशी दृढ समजूत आहे, आणि त्यामुळे बाराच्या सुमारास या गावात मागणाऱ्याला रिकामे धाडत नाहीत. कोण जाणे तोच असला तर. यात्रेकरूनेही निदान पाच घरे मागावीत आणि जे मिळेल ते प्रसाद म्हणून खावे, असा रिवाज आहे. पुष्कळ जण स्वतः स्वयंपाक करून मागणाऱ्यांना वाढतातही. म्हणजे सकाळी वाढणारा दुपारी मागणारा होतो, आणि कोणी कोणाला ओशाळवाणे वाटू देत नाही. पैसे खर्चून आलेल्या प्रवाशाने तिथे पोहोचल्यावर भीक मागायची, असे दुसरे प्रेक्षणीय स्थळ निदान माझ्या पाहण्यात नाही.

आईने चौघांनाही पंच्याची झोळी करून दिली. चिरंजिवांच्या खिशात चार देशांत चालणारे कार्ड होते, आणि पहिल्या दारापुढे उभे राहिल्यावर त्यांच्या तोंडातून "ॐ भवति भिक्षां देहि" हे शब्द इतके हळू निघाले की, ते फक्त झोळीने ऐकले असतील. पहिल्या घरी कोणी आले नाही. दुसऱ्या घरीही नाही. पत्नीने मागून टोचले, तरी आवाज वाढेना. तिसऱ्या दारी आतून भांड्यांचा आवाज येत होता. तो थांबला, आणि कपाळावर पीठ लागलेली एक मध्यमवयीन बाई हातात अर्धी भाकरी घेऊन बाहेर आली. तिने मुलाला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि कानडी हेल काढून ठणकावले, "मोठ्यानं म्हणा की! आत ऐकायला येत नाही." मग भाकरी झोळीत टाकून, "आणि मागं दोन घरं सोडलीत, तिथं परत जा. ती उपाशी ठेवत नाहीत कुणाला," असेही वर सांगितले. मुलगा परत गेला. या खेपेस त्याचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आला, आणि त्या दोन्ही घरांतून त्याला मिळाले.

झोळीत काय आले, तर ज्वारीच्या भाकरीचे चार-पाच तुकडे, काही मऊ, काही कडक, भात, त्यावर तुरीचे वरण पडून पंच्याला लागलेला पिवळा डाग, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, आणि एका घरून गव्हाची खीर, जी चटणीत मिसळली. आईने ते सगळे संगमाकडे तोंड करून दाखवले आणि मठाच्या जवळच्या एका पायरीवर बसून आम्ही खाल्ले. खीर आणि चटणी एकत्र लागते कशी हे मी सांगू शकतो, पण सांगणार नाही. आईने कडक भाकरीचा एक तुकडा बाजूला ठेवून पदराच्या टोकाला बांधला, आणि गावी परतल्यावर आजीच्या तसबिरीपुढे ठेवला. दुसऱ्या दिवशी तो मुंग्यांनी नेला.

जाणाऱ्यांनी गुरुवार आणि पौर्णिमा टाळल्यास दर्शन निवांत होते. उतरायचे ते गाणगापूर रोडला, आणि तेथून बस किंवा जीप लगेच पकडावी, कारण संगमावरचे स्नान आटोपून बाराच्या आत गावात पोहोचले पाहिजे. जवळ एक धुतलेला पंचा असू द्यावा. आणि हाक मोठ्याने द्यावी. आत ऐकू जात नाही.